गुऱ्हाळात गेलेले वाचनालय

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. नऊ पायऱ्यांची. माझे उभे दांडे सागवानाचे आहेत आणि पायऱ्या बाभळीच्या. सहावी पायरी थोडी वेगळी दिसते, कारण ती मागाहून बसवलेली आहे. माझे सारे आयुष्य एका वाचनालयात गेले. शिडीला वाचता येत नाही, पण वाचणारी माणसे मी खूप पाहिली. आणि वाचणाऱ्यांसाठी राबणारी माणसेही पाहिली. त्यांच्याविषयी मला तुम्हाला सांगायचे आहे. त्यांची आठवण झाली की माझे लाकूड आजही भारावून जाते.

आमचे गाव बेलघाट. सातारा जिल्हा जिथे संपत येतो आणि सांगली जिल्हा जिथून लागतो, तिथे कृष्णेच्या काठावर ते वसले आहे. गावात पन्नासएक वर्षांपूर्वी सार्वजनिक वाचनालय निघाले. प्रत्येकाने काही ना काही दिले. कोणी कपाट दिले, कोणी घड्याळ दिले. अर्जुना सुतारांकडे देण्यासारखे काही नव्हते. ते म्हणाले, "माझ्याकडं हात हायती." आणि त्या हातांनी त्यांनी मला घडवले. चार दिवस रंधा मारला. शेवटी प्रत्येक पायरीवर स्वतः उभे राहून, उड्या मारून पाहिले. "पडलं कुणी तर माझं नाव जाईल," असे ते म्हणाले. म्हणजे पाहा, वाचनालयासाठी फुकट राबणारा जो पहिला माणूस मी पाहिला, त्यानेच मला जन्म दिला.

त्या काळी वाचनालय गोपाळकृष्ण मास्तर सांभाळत. दिवसभर शाळा, संध्याकाळी वाचनालय. बेलघाट आणि आसपासच्या वाड्यांतली कितीतरी मुले फौजेत होती. त्यांची पत्रे यायची. घरी वाचणारे कोणी नसायचे. मग आया, बायका, बहिणी पदराखाली पत्र झाकून वाचनालयात येत. मास्तर पत्र वाचून दाखवत. मग विचारत, "वहीत उतरवून घेऊ का? कागद हरवतो, वही राहते." होकार मिळाला की ते पत्र शब्दाला शब्द उतरवून घेत. अशा वह्या वाढत वाढत सात झाल्या. लाल कापडी पाठीच्या, जाडजूड. मधल्या मोठ्या कपाटाच्या अगदी खालच्या खणात त्या ठेवलेल्या असत. तेथवर पोहोचायला माझी गरज नव्हती, म्हणून माझा त्यांच्याशी फारसा संबंध आला नाही. पुढे तो कसा आला, ते ऐका.

मास्तर वारले. मग पगारी ग्रंथपाल आले. १९९१ साली त्यांना शिरवळच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ते निघून गेले. महिनाभर दाराला कुलूप होते. माझ्यावर धूळ बसली, पाली फिरू लागल्या. मंडळाची बैठक भरली तेव्हा एकाने सरळ सांगितले, "बंदच करून टाकू. माणूस कुठून आणायचा?"

तेव्हा मागच्या बाकावरून एक आवाज आला. "किल्ली माझ्याकडे द्या."

त्या विजयमालाबाई होत्या. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षे शिकवून त्या नुकत्याच गावी परतल्या होत्या. उंचीने ठेंगण्या, डोळ्यांवर जाड चष्मा. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी कुलूप उघडले, पदर खोचला आणि झाडू हातात घेतला. त्यानंतर वाचनालय कधी पाच मिनिटे उशिरा उघडले, असे मला आठवत नाही.

बाईंचा हात वरच्या फळ्यांपर्यंत पोहोचत नसे आणि माझ्यावर चढायला त्या भीत. तिसऱ्या पायरीवर गेल्या की त्यांचे पाय थरथरत. एकदा हे दारावरून जाणाऱ्या जोतीराम हवालदारांनी पाहिले. ते फौजेतून निवृत्त होऊन आले होते. आत येऊन म्हणाले, "बाई, तुमी खाली थांबा. चढायचं काम माझं. पहाड चढलोय, ही तर शिडी हाय." तेव्हापासून ते रोज येऊ लागले. उत्तरेकडच्या बर्फात त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटे गेली होती. माझ्या पायरीवर तो पाय पडला की मला लगेच कळायचे. पण इतका घट्ट आणि निर्धास्त पाय माझ्यावर दुसऱ्या कोणाचाच पडला नाही.

दोघांनाही कोणी बोलावले नव्हते. कोणी काही देत नव्हते. मला याचे मोठे नवल वाटायचे. मला तर घडवलेच होते त्या कामासाठी, पण यांना कोणी घडवले?

दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी, आणखी एक बाई यायच्या. बनुबाई त्यांचे नाव. मळ्यातल्या लालासाहेबांच्या घरधनीण. भाजीची पिशवी दाराशी ठेवून त्या आत येत. विजयमालाबाई काही न विचारता खालच्या खणातली एक लाल वही काढून त्यांच्यापुढे ठेवत. त्या खिडकीपाशी बसून ओळीवरून बोट फिरवत हळूहळू वाचत. मग वही बंद करत, कपाळाला लावत आणि निघून जात. जाण्याआधी सगळी टेबले मात्र ओल्या फडक्याने पुसून देत. "बसले हुते न्हवं, मग पुसाय नगं?" असे म्हणत.

आता १९९४ च्या श्रावणाकडे येते.

वर महाबळेश्वर, वाईकडे चार दिवस पावसाची धार तुटली नव्हती. तिकडे पाऊस धरला की आमच्याकडे नदी फुगते, हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पण त्या वर्षी ती फुगून थांबली नाही. सकाळी दहाच्या सुमारास हलगी वाजवत दवंडी आली. खालच्या आळ्या रिकाम्या करा, माणसांनी शाळेच्या टेकावर जा.

आमचे वाचनालय घाटाकडे उतरणाऱ्या आळीत होते. बाई धावतच आल्या. पाठोपाठ हवालदार आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. सहा हजार पुस्तके आणि माणसे दोन.

"माळ्यावर चढवायची," हवालदार म्हणाले. "जितकी जातील तितकी."

त्यांनी मला माळ्याच्या तोंडाशी उभे केले आणि काम सुरू झाले. बाई खालून पुस्तके देत, हवालदार पाच पायऱ्या चढून वर फेकत. अर्धा तास झाला तरी एकच कपाट रिकामे झाले होते. तेवढ्यात दारात दादासो शिंपी उभे राहिले. त्यांचे दुकान शेजारीच होते. त्यांनी आपले शिवणयंत्र टेकावर नेऊन ठेवले होते आणि ते परत आले होते. मागून दोघे आले. मग पाचजण आले. मग दार भरून गेले. माझ्या एकाआड एक पायरीवर माणूस उभा राहिला. पुस्तक कपाटातून निघे, हातावरून हातावर जाई, माझ्यावरून वर चढे आणि माळ्यावर पोहोचे. एका वेळी माझ्यावर पाच पाच माणसे होती! माझी सहावी पायरी करकरली, पण मी दम धरला. अर्जुना सुतारांचे नाव जाऊ द्यायचे नव्हते.

मित्रांनो, त्या रांगेतल्या कितीतरी लोकांची स्वतःची घरे खालच्या आळ्यांत होती. त्यांच्या घरात पाणी शिरत होते. एकजण हाक मारत आला, "हवालदार, तुमच्या उंबऱ्याला पानी लागलं! जोंधळ्याची कणगी तशीच हाय!"

हवालदारांनी मागे वळूनही पाहिले नाही. "घरची मानसं टेकावर गेलीत न्हवं? मग झालं. जोंधळा पुढल्या साली परत येतो. पुस्तकं पुढं सरकवा!"

दुपारी दोन वाजता पाणी आमच्या उंबऱ्यावरून आत आले. आधी मातकट जिभेसारखे, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. बायकांना आणि म्हाताऱ्यांना बाईंनी बाहेर काढले. बहुतेक पुस्तके वर गेली होती. खालच्या रांगांमधली आठ-नऊशे तेवढी राहिली होती. ती आता भिजलीच होती.

त्याच वेळी बनुबाई पाण्यातून काठी टेकत आल्या. लुगडे मांडीपर्यंत भिजलेले, श्वास लागलेला. दारातूनच त्यांनी विचारले, "बाई, त्या वह्या काढल्यासा का?"

विजयमालाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. लाल वह्या! धांदलीत कोणालाच आठवल्या नव्हत्या.

हवालदार पाण्यात बसले. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आले. त्यांनी खण ओढला. पण लाकूड फुगले होते. खण जागचा हलेना. त्यांनी कपाटाला पाय लावून जोर केला. कडी निघून हातात आली, खण तसाच. "पहार आना!" ते ओरडले. पहार कुठून येणार? बाहेर आळीत आता पाण्याला ओढ लागली होती. दादासोंनी दारातून हाक दिली, "आता न्हाई थांबता येनार!"

"दो मिनिट!" हवालदार पाण्यात हात घालून चाचपडत होते.

तेव्हा विजयमालाबाई अशा आवाजात बोलल्या की मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. "हवालदार, वही गेली तर गेली. माणूस दुसऱ्यांदा लिहिता येत नाही. बाहेर या!"

हवालदार उठले. तीस वर्षे हुकूम पाळलेला तो माणूस. त्यांनी हुकूम पाळला, पण डोळे पुसत.

आळी ओलांडणे अवघड झाले होते. मग त्यांनी मला उचलले आणि आमच्या ओट्यावरून समोरच्या उंच ओट्यावर आडवे टाकले. दोराने दोन्हीकडे बांधले. माझ्यावरून एकेक करून सगळी माणसे पलीकडे गेली. आधी बनुबाई, मग बाई. सगळ्यात शेवटी हवालदार. ते माझ्या मध्यावर असताना सहावी पायरी मोडली. त्यांचा पाय खाली गेला. पण हात पक्के होते. ते पलीकडे पोहोचले आणि मी देवाचे आभार मानले.

दोन दिवस मी तशीच बांधलेली राहिले. माझ्या खालून नदी वाहत होती आणि त्या खिडकीच्या आत, पाण्याखाली, गावातल्या सैनिकांची पत्रे होती.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरले. सगळीकडे चिखल आणि कुबट वास. पहिल्यांदा आले हवालदार, हातात पहार घेऊन. एका झटक्यात खण फोडला. सातही वह्या आत होत्या. भिजून फुगलेल्या, पावासारख्या मऊ. एकीच्या कडेतून निळे पाणी गळत होते. शाई होती ती.

बनुबाईंनी तिसरी वही उचलली. त्या ती उघडणार तोच बाई म्हणाल्या, "आत्ता नको, बनुबाई. ओलं पान हात लावला की फाटतं. आधी हळूहळू वाळायला हवं. ऊन चालत नाही, जाळ चालत नाही. नुसती ऊब आणि वारा हवा. आणि तेही लवकर. तीन दिवसांत बुरशी धरते."

पण ऊब आणणार कुठून? पाऊस रिपरिपत होताच. वीज गेली होती. शाळेत पूरग्रस्त राहात होते, पाय ठेवायला जागा नव्हती.

"आमचं गुऱ्हाळ हाय," बनुबाई म्हणाल्या. "उंचावर हाय. मोठं छप्पर हाय. उसाची वाळली चिपाडं रचून ठिवलीत."

तेवढ्यात आळीच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबला. लालासाहेब बायकोला शोधत आले होते. धिप्पाड शरीर, मोठ्या मिशा. वाचनालयाची पायरी त्यांनी जन्मात चढली नव्हती. बनुबाईंचे शेवटचे वाक्य त्यांच्या कानावर पडले.

"काय म्हनालीस? गुऱ्हाळ? अगं, श्रावण चाललाय. दसऱ्याला पूजा केल्याबिगर आमच्यात चुलवाण पेटवत न्हाईत. आज्ज्यापासनं रीत हाय. आन तुला काय पडलंय त्या रद्दीचं?"

चुलवाण म्हणजे गुऱ्हाळाची मोठी भट्टी. त्यांचा आवाज चढला होता. बनुबाईंनी मान खाली घातली नाही. वही छातीशी धरून त्या म्हणाल्या, "रद्दी न्हवं ही. ह्यात माझा भाऊसो हाय."

"भाऊसो? एकाहत्तरच्या लढाईत गेला त्यो, तुझा भाऊ?"

"व्हय, त्योच. त्याची पत्रं आईनं जपली, आन मरताना म्हनाली, माझ्यासंगं ठिवा. ठिवली. जळली. आता त्यो ह्या वहीतच हाय. तेवीस पत्रं हायती. दर बाजाराला येती, एक वाचती. संपली की पुन्यांदा पयल्यापासनं."

लालासाहेब बघतच राहिले. लग्नाला बावीस वर्षे झाली होती. "मला कवा बोलली न्हाईस."

"तुमी कवा इचारलं न्हाई."

पावसाचे थेंब पत्र्यावर वाजत होते. लालासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. मग हवालदारांकडे वळून म्हणाले, "गड्या, ट्रॉली रिकामी हाय. बघत काय उभा हाईस? भर की."

अशी मी ट्रॉलीत बसून मळ्यात गेले. ओली पुस्तके, लाल वह्या आणि मी.

गुऱ्हाळाच्या तोंडाशी लालासाहेब थांबले. घरातून नारळ मागवला. चुलवाणासमोर हात जोडले आणि म्हणाले, "देवा, औंदाचा दसरा आजच समज." नारळ फुटला, जाळ पेटला. रस आटवायची काहील उतरवून बाजूला ठेवली होती. धूर धुराड्यातून वर जात होता आणि ऊब सगळ्या छपराखाली पसरत होती.

बाईंनी विचारले, "आच किती ठेवता येईल? जास्त झाली तर कागद कडक होऊन मोडेल."

"बाई, गूळ करताना आच वाढवावी लागती. हितं दाबून धरायची," लालासाहेब म्हणाले. "कोंबडी अंडी उबवती न्हवं, तेवढीच ठिवतो. तुमी काळजी करू नगा." तीस हंगाम जाळापुढे काढलेला माणूस! तळहात हवेत धरून तो ऊब मोजायचा. एक मूठ चिपाड टाकायचा, थांबायचा, पुन्हा हात धरायचा. चुलवाणापुढून तो जेवायला तेवढा उठायचा.

मला दोन पिंपांवर आडवे टाकले. सगळीकडे ऊब सारखी लागावी म्हणून छपराच्या बरोबर मध्यावर. माझ्या पायऱ्यांवर सुतळी विणली आणि त्यावर त्या सात वह्या उभ्या करून ठेवल्या. उभी राहून मी आयुष्यभर माणसांना उंच नेले होते. त्या दिवसांत आडवी पडून मी जे पाहिले, तितके उंच काही मी पूर्वी पाहिले नव्हते.

पहिल्या दिवशी पंधरा माणसे आली. दुसऱ्या दिवशी चाळीस. हवालदारांनी गळ्यात शिट्टी अडकवली आणि पाळ्या लावल्या. लोकांनी घरातली वर्तमानपत्रे आणली, शाळेने टिपकागद दिला. पुस्तकाच्या दर दहा पानांत एक कोरडा कागद घालायचा, ओला झाला की काढायचा, दुसरा घालायचा. आठ-नऊशे पुस्तके! दिवसातून चार वेळा! ज्यांच्या घरातला चिखल अजून निघाला नव्हता, त्या बायका सकाळी घर धुवायच्या आणि दुपारी इथे येऊन दुसऱ्याचे पुस्तक पुसायच्या. काहींना अक्षरओळख नव्हती. एका आजींनी पुस्तक उलटे धरले होते. बाई त्यांना काही बोलल्या नाहीत, कारण उलट्या पुस्तकातही कागद अगदी नीट घातलेले होते. दादासो शिंपी दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन बसले. सुटलेली पाठ ते अशी शिवत की जणू नव्या नवरदेवाचा कोट.

कोणी कोणाला "तू किती केलेस" असे विचारत नव्हते. मी ऐकत होते, पण तसा प्रश्न एकदाही कानावर आला नाही.

पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, "तिसरी वही आता उघडता येईल."

सगळे भोवती जमले. बाईंनी लाकडी पट्टीने पहिले पान उचलले. अक्षरे होती! मास्तरांनी ती पाने शिसपेन्सिलीने लिहिली होती. पेन्सिलीला पाण्याने काही केले नव्हते. एकेक पान सुटत गेले. पहिले पत्र, दुसरे, सातवे, चौदावे. बनुबाई हसत होत्या, रडत होत्या. आणि मग पंधराव्या पत्राचे पान आले. ते निळे होते. नुसते निळे. मास्तरांनी तिथून पुढे शाई वापरली होती. पंधरापासून तेविसापर्यंत एक अक्षर उरले नव्हते.

बनुबाई त्या निळ्या पानाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि बोलू लागल्या.

"तीर्थरूप आईस भाऊसोचा साष्टांग दंडवत. इकडं थंडी लय हाय. अंगावर दोन सदरे घालतो, काळजी करू नये. म्हस व्याली का ते कळवावे. बनीची शाळा काढली असं दाजींच्या पत्रात कळलं. तसं करू नये. पोरगी हुशार हाय. मी सुटीवर आलो की तिच्याकडनं वाचून घेईन…"

विजयमालाबाईंनी टेबल शोधले नाही. गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहायला सुरुवात केली. बनुबाई थांबल्या नाहीत. बावीस वर्षे दर बुधवारी वाचलेले सगळे त्यांच्या आत होते. एक पत्र झाले, दुसरे झाले. ऐकणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. हवालदार सावधान उभे होते. आणि चुलवाणापुढे बसलेल्या लालासाहेबांच्या हातात चिपाडाची मूठ तशीच राहिली होती. आच उतरत चालली होती. त्या दिवशी तेवढी एकदाच.

नऊही पत्रे पूर्ण झाली. शेवटचे पत्र अगदी लहान होते. ते सांगून झाल्यावर बनुबाई डोळे उघडून म्हणाल्या, "बाई, एवढंच हुतं. ह्याच्यापुढं आलं न्हाई."

बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवसापासून माणसे येऊ लागली. ज्यांच्या ज्यांच्या मुलांची, नवऱ्यांची, भावांची पत्रे त्या वह्यांत होती, ती सगळी. वाठारच्या बाजूने एक म्हातारी आई बैलगाडीत बसून आली. तिला मुलाच्या पत्रातली फक्त दोन वाक्ये आठवत होती. बाईंनी ती दोनच लिहिली आणि खाली पान कोरे सोडले. कोणी म्हणाले, "बाई, साधंसुधं काहीतरी भरा की, सगळ्यांची पत्रं सारखीच असतात." बाई म्हणाल्या, "नाही. जे आठवत नाही तिथे जागा सोडायची. त्या मुलाच्या जागी मी कशी बोलणार?" अशी कितीतरी अर्धी कोरी पाने आजही त्या वह्यांत आहेत. मला ती भरलेल्या पानांइतकीच मोलाची वाटतात.

अकरा दिवस चुलवाण पेटलेले होते. बाराव्या दिवशी ट्रॉली परत गावात आली. शंभराहून जास्त पुस्तके गेलीच, खोटे कशाला सांगू? पण बाकीची वाचली. पुढे कित्येक महिने ती उघडली की मंद गोड वास यायचा. लहान मुले म्हणायची, पुस्तकांना गूळ लावलाय.

पुढच्या सव्वीस जानेवारीला गावाने स्वयंसेवकांचा सत्कार ठरवला. मंडळाने विजयमालाबाईंकडे नावांची यादी मागितली. बाईंनी त्रेसष्ट नावे लिहिली. उलटे पुस्तक धरणाऱ्या आजींचेही नाव होते. हवालदारांनी यादी वाचली, खिशातून पेन काढले आणि सगळ्यात वर चौसष्टावे नाव लिहिले. बाई स्वतःचेच नाव विसरल्या होत्या.

लालासाहेबांना दोन शब्द बोलायला सांगितले. त्यांनी माईकसमोर येऊन टोपी नीट केली. मग म्हणाले, "मला बोलाया येत न्हाई. मी नुसता जाळ घातला. पन एक सांगतो. माझ्या घरात बावीस वर्सं एक मानूस हुतं, त्येची वळख मला ह्या वाचनालयानं करून दिली." आणि ते खाली बसले. टाळ्या वाजायला वेळ लागला. लोकांचे हात डोळ्यांकडे गेले होते.

त्यानंतर पाच वर्षे गेली. वाचनालय आता टेकावरच्या नव्या इमारतीत आहे. पूर तिथे पोहोचणार नाही. लोखंडी मांडण्या आल्या, चाकांची लोखंडी शिडी आली. मी मागच्या खोलीत भिंतीला टेकून असते. माझ्यावर जुन्या पिशव्या अडकवतात, कोळी जाळे विणतो. एका सभेत कोणी म्हणाले, "ही मोडीत काढा." मला वाईट वाटले, नाही म्हणत नाही. पण हवालदारांनी माझी मोडलेली पायरी नवीन बसवून घेतली आहे, एवढे मला पुरे आहे. आणि मागच्या खोलीतूनही मला सगळे ऐकू येते. चार वाजता कुलूप उघडल्याचा आवाज येतो. बाईंच्या चपला आता हळू चालतात. हवालदारांना गुडघे दुखतात, तरी ते रोज वर्तमानपत्रे लावतात. बुधवारी बनुबाई येतात, आणि हल्ली त्यांच्याबरोबर जड पावले वाजतात.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. ते माझ्यासाठी नाही. मी लाकूड आहे, माझे काय ते होईल. तुमच्याही गावात वाचनालय असेल. तिथे तुम्ही पुस्तक मागता, ते तुमच्या हातात येते आणि तुम्ही घरी जाता. ते पुस्तक कोणी पुसले, कोणी शिवले, फळीवर कोणी ठेवले, हे तुम्हाला ठाऊक नसते. सत्काराची वाट पाहू नका. त्याला फार वर्षे लागतात आणि तोवर काही माणसे निघून जातात. उद्या पुस्तक परत करायला जाल, तेव्हा टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला त्याचे नाव विचारा. आणि पुढच्या खेपेला आत शिरताच, पुस्तक मागण्याआधी, त्या नावाने हाक मारा.